कोच सतत बोलत असताना तुमची शिट्टी तुमचीच कशी राहते?

नवीशिट्टी
बास्केटबॉलची रेफरी म्हणून माझा हा दुसरा सीझन. परवाची मॅच डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

सोळा वर्षांखालच्या मुलांची मॅच, आम्ही दोघंच रेफरी. एका टीमचे कोच पहिल्या मिनिटापासून सुरू. शिव्या नाहीत, अंगावर येणं नाही, नुसतं बोलणं. "मॅडम, थ्री सेकंद." "मॅडम हात बघा, हात." "मॅडम आमचे चार फाऊल, त्यांचा एक, बघताय ना?" यातल्या एकाही वाक्यावर टेक्निकल (वागण्याबद्दलचा फाऊल) द्यावं असं काही नाही, पण माणूस थांबतच नाही. आधी मी मान हलवत राहिले, मग ऐकूच येत नाही असं दाखवलं, आणि तिसऱ्या क्वार्टरपर्यंत असं झालं की त्यांच्या बेंचच्या बाजूला उभं राहायची वेळ आली की पोटात गोळा यायचा.

शेवटच्या क्वार्टरची दीड मिनिटं बाकी. समोरच्या टीमचा ९ नंबर ड्रिबलरला गार्ड करत होता. हात लागला त्याचा. लागला म्हणजे काय, मनगटाला बोटं टेकली आणि निघाली. ड्रिबल सुटला नाही, वेग कमी झाला नाही, दिशा बदलली नाही. असंच पहिल्या क्वार्टरला मी दोनदा सोडलं होतं आणि बरोबर सोडलं होतं. आता मात्र शिट्टी वाजली. वाजल्यावर मला कळलं की माझे डोळे बॉलवर होते पण लक्ष सगळं बेंचकडे होतं, ते आता काय म्हणतील याची मी वाटच बघत होते. तो त्या मुलाचा पाचवा फाऊल, म्हणजे मॅचमधून बाहेर. काही बोलला नाही तो. माझ्याकडे एकदा बघितलं, जाऊन बसला आणि जर्सी वर ओढून तोंडावर घेतली. आणि इकडून कोच म्हणाले, "थँक्यू मॅडम."

त्या थँक्यूनं मला दोन रात्री झोप नाही. टेक्निकल कधी द्यायचं ते रूलबुकात आहे, मी पाठ केलंय. मला त्याच्या आधीचं विचारायचंय. तुम्ही काय करता?

बेसलाईन
हे असं सरळ लिहायला हिंमत लागते. वाचतोय, बाकीचे काय म्हणतात बघू.

जुना_पंच
मी चोवीस वर्षं शिट्टी वाजवतोय, तुला अगं-तुगं करतो, चालेल ना? अशी शिट्टी माझ्या हातून पण वाजलीय आणि एकदा नाही. ज्या रेफरीला कधीच असं झालं नाही म्हणतो त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आता कामाचं. मान हलवणं पहिलं बंद कर. तुला वाटतं आपण "ऐकलं" म्हणतोय, कोचला वाटतं "बाई कबूल करतायत, पण देत नाहीयेत". मग तो आणखी जोर लावणारच की.

दुसरं, प्रश्न आणि शेरा यातला फरक धर. "त्याला कशावर फाऊल दिला?" हा प्रश्न. "हात बघा" हा शेरा. प्रश्नाला उत्तर द्यायचं, शेऱ्याला द्यायचं नाही. उत्तर बॉल डेड असताना, म्हणजे खेळ थांबलेला असताना, एका वाक्यात आणि नियमाच्या भाषेत. थ्री सेकंदचंच घे, म्हणजे बास्केटखालच्या लेनमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबणं. शॉट हातातून सुटला की टीमचा कंट्रोल संपला, मग लेनमध्ये रिबाऊंडसाठी कोण कितीही वेळ उभा राहिला तरी मोजणी नाही. निम्म्या वेळा कोच ओरडतात ते बरोबर तेव्हाच. "कोच, शॉट सुटला होता" एवढं म्हण आणि पुढे जा. ब्लॉक-चार्जला, म्हणजे धडकेत चूक डिफेंडरची की बॉलवाल्याची हे ठरवताना, "पाय हलत होते" हे तर रोजचंच. डिफेंडरनं दोन्ही पाय जमिनीवर ठेवून समोर तोंड करून एकदा पोझिशन घेतली की तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, पुतळा होऊन उभं राहायची गरज नाही त्याला. हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. मला विचारशील तर दबाव निम्मा इथेच उतरतो, कारण ज्या नियमाबद्दल स्वतःलाच खात्री नसते तिथेच आपण कोचच्या आवाजाला वजन देतो.

तिसरं, उभं कसं राहायचं. त्याच्या समोर छाती काढून नको, बाजूला उभी राहा, दोघांची तोंडं कोर्टकडे. हात खाली. बोट दाखवायचं नाही, त्यानं दाखवलं तरी नाही. आवाज त्याच्यापेक्षा एक पट्टी खाली. लांबून बघणाऱ्याला दोन माणसं मॅच बघत उभी आहेत असं वाटलं पाहिजे.

आणि खरंच चुकलं असेल तर "माझ्या जागेवरून मला ते दिसलं नाही" म्हणायचं. पण खरं असेल तरच. आणि मॅचमध्ये एकदा, फार तर दोनदा. चार वेळा म्हणालीस तर तो विचारेल की मग उभ्या कुठे राहता, आणि त्याचं बरोबर असेल.

फास्टब्रेक
एवढं कशाला पण? दुसऱ्या मिनिटाला टी (टेक्निकल) द्या, गप्प बसतो. दोन टी झाले की कोच बाहेर, विषय संपला.

बेंचवरून
मी कोच आहे, त्यामुळे इथे मार खाणार बहुतेक, तरी लिहितो.

नवीशिट्टी, त्या कोचनं तुमच्यावर जे केलं ते मी पण करतो. आम्ही त्याला 'रेफरीवर काम करणं' म्हणतो. झालेला फाऊल परत मिळणार नाही हे मला माहिती असतं, मी पुढच्यासाठी बोलत असतो. खोटं कशाला बोलू. पण सगळंच ओरडणं त्यासाठी नसतं. माझ्या पोराला खाली पाडलं आणि मी बेंचवर हाताची घडी घालून बसलो तर टाईमआऊटला बाकीची अकरा पोरं माझ्याकडे कशी बघतात ते तुम्ही बघितलेलं नाही. कधी कधी मी रेफरीशी बोलतच नसतो, माझ्या टीमशी बोलत असतो, रेफरी फक्त मधे उभा असतो.

आणि एक तक्रार. जुना_पंच म्हणतात शेऱ्याला उत्तर नाही. ठीक. पण मी नीट, खालच्या आवाजात विचारलेल्या प्रश्नालाही जे रेफरी पाठ फिरवतात त्यांच्यामुळे मी ओरडायला लागतो. पहिल्या क्वार्टरला एकदा जरी येऊन सांगितलं की "कोच, स्क्रीनवर कमरेनं ढकलतोय तुमचा ५ नंबर, सांगा त्याला", तर मी पोराला सांगेन. फाऊल पण वाचेल आणि माझा घसा पण.

टेबलवरची
@फास्टब्रेक, जरा दुरुस्ती. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात कोच दोन 'सी' वर बाहेर जातो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वागण्यावर मिळालेले दोन. बेंचवरच्या दुसऱ्या कुणामुळे मिळालेला टेक्निकल पण कोचच्याच नावावर चढतो पण 'बी' म्हणून. तीन 'बी', किंवा दोन 'बी' आणि एक 'सी' झाले तरी बाहेर. मी स्कोअरशीट लिहिते, हे चुकलं तर सगळ्या मॅचचा गोंधळ होतो म्हणून सांगतेय.

आणखी एक जे खूप जणांना माहिती नसतं. उभं राहायला हेड कोच किंवा पहिला असिस्टंट यातला एकच, दोघं एका वेळी नाही, आणि असिस्टंटनं रेफरीशी बोलायचंच नाही. कितीतरी मॅचमध्ये खरा त्रास असिस्टंट देतो, हेड कोच गोड राहतो आणि तो मागून टोचत राहतो. अशा वेळी हेड कोचला जाऊन शांतपणे "तुमच्या असिस्टंटला बसवा" म्हणणाऱ्या रेफरीची मॅच पुढे नीट जाते, मी बघितलंय.

टेबलवर बसून अजून एक दिसतं. रेफरी फाऊल सांगायला टेबलकडे येतो ना, तेव्हा घाबरलेला असेल तर बोटं पटापट दाखवतो आणि पळतो. नंबर, कशाचा फाऊल, साईड बॉल की फ्री थ्रो, हे ज्यानं थांबून, स्वच्छ दाखवलं त्याच्यावर कोच कमी ओरडतात.

फास्टब्रेक
सी-बीचं माहिती नव्हतं, धन्यवाद. पण टी लवकर द्यावा हे माझं मत कायम आहे.

तिसरा_क्वार्टर
कोच विरुद्ध रेफरी म्हटलं की मला अमेरिकन कॉलेज कोच बॉब नाईटच आठवतात. २३ फेब्रुवारी १९८५, इंडियाना विरुद्ध पर्ड्यू, टेक्निकल मिळाला म्हणून लाल प्लास्टिकची खुर्ची उचलून कोर्टवर भिरकावली. बाहेर काढलं त्यांना. आणि रेड ऑरबाख १९६७ च्या ऑल-स्टार मॅचमधून बाहेर, म्हणजे प्रदर्शनाच्या मॅचला सुद्धा! सॅन अँटोनियोचे तेव्हाचे कोच पॉपोविच एप्रिल २०१९ मध्ये डेन्व्हरला मॅच सुरू झाल्यावर ६३ सेकंदांत दोन टेक्निकल घेऊन लॉकररूममध्ये. बाकीची ४७ मिनिटं टीमनं त्यांच्याशिवाय काढली.

बेसलाईन
६३ सेकंद! खुर्ची गरम पण झाली नसेल :)

सिक्स्थमॅन
तिसरा_क्वार्टर, हे किस्से मजेचे आहेत पण मला खेळाडू म्हणून यात एक खटकतं. कोच बाहेर गेला की सगळे म्हणतात टीमला पेटवायला केलं. मी असा एक कोच अनुभवलाय. तो बाहेर गेला की आम्ही पेटायचो नाही, आम्ही पण प्रत्येक शिट्टीला हात वर करून रेफरीकडे बघायला लागायचो आणि डिफेन्सला परत पळायचं राहून जायचं. त्या वर्षी फास्टब्रेकवर आम्ही किती बास्केट खाल्ल्या असतील! कोचचं बोलणं रेफरीवर किती चालतं माहिती नाही, स्वतःच्या टीमवर नक्की चालतं.

९ नंबरच्या जागी मी बसलोय. पाचवा फाऊल चुकीचा मिळालाय. राग दोन दिवसांनी जातो. पण नंतर त्याच रेफरीनं पुढच्या मॅचला मला भीतभीत सगळं सोडून दिलं त्याचं जास्त वाईट वाटलं होतं. ती मेहरबानी नको होती मला. नवीशिट्टी, तो मुलगा परत तुमच्या मॅचला आला तर त्याला काही परत द्यायला जाऊ नका.

आकडेमोड
सिक्स्थमॅन म्हणतो ते 'परत देणं' अभ्यासात पण दिसलंय. अँडरसन आणि पियर्स यांनी अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या २००४-०५ च्या सीझनमधल्या ३६५ मॅच तपासल्या, २००९ मध्ये छापून आलं. ज्या टीमचे फाऊल कमी झालेत तिच्यावर पुढचा फाऊल जायची शक्यता जास्त, आणि दोन टीममधला फरक जितका मोठा तितकी ती वाढत जाते. म्हणजे "आमचे चार त्यांचा एक" हे कोच उगाच म्हणत नाहीत, रेफरीच्या मनात तराजू असतो आणि तो समान करायची ओढ असते हे त्यांना अनुभवानं कळलेलं असतं.

पण खेळात फाऊल समान असायला पाहिजेत असं कुठंय? एक टीम झोन लावून मागे बसलीय आणि दुसरी फुल कोर्ट प्रेस करतेय, म्हणजे कोर्टभर अंगावर जातेय, तर प्रेस करणाऱ्यांचे फाऊल जास्त होणारच.

जुना_पंच
@आकडेमोड, अगदी. फाऊलचा आकडा कुणी ऐकवला की माझं ठरलेलं वाक्य आहे, "कोच, मी हात मोजतो, फाऊल टेबल मोजतं." 

@बेंचवरून, तुमची तक्रार मान्य. पाठ फिरवणं हा पळपुटेपणा आहे आणि नवीन असताना आम्ही सगळे ते करतो. मी आता असं करतो की चालू खेळात विचारलं तर "पुढच्या डेड बॉलला येतो" म्हणतो, आणि जातो. म्हणून न जाणं सगळ्यात वाईट. तुम्ही दिलेली स्क्रीनची सूचना पण चांगली आहे, पण ती दोन्ही बेंचला द्यायची, नाहीतर दुसरा कोच म्हणणार गप्पा कसल्या चालल्यात.

@फास्टब्रेक, टी लवकर की उशिरा यापेक्षा टी कशासाठी हे बघायचं. राग आला म्हणून दिलेला टी सगळ्या हॉलला कळतो. अमेरिकेतल्या एनबीए लीगमधलं खेळाडू टिम डंकनचं २००७ चं प्रकरण बघा, बेंचवर बसून हसला म्हणून रेफरी जोई क्रॉफर्डनी त्याला बाहेर काढलं आणि एनबीएनं क्रॉफर्डनाच उरलेल्या सीझनसाठी सस्पेंड केलं. एवढा मोठा रेफरी, पण नंतर त्यांनी मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली, त्याबद्दल मोकळेपणानं बोलले, आणि परत येऊन बरीच वर्षं काम केलं. मला त्यांचा आदर त्या परत येण्यासाठी जास्त आहे.

साईडलाईन_३
एक वेगळा मुद्दा. काही ठिकाणी पद्धत आहे की फाऊल देणाऱ्या रेफरीनं नंतर टेबलच्या बाजूला उभं राहायचं म्हणजे कोचला उत्तर मिळतं, आणि काही ठिकाणी त्यानं मुद्दाम पलीकडे जायचं म्हणजे कोचला थंड व्हायला वेळ मिळतो. तुम्हाला काय बरोबर वाटतं? मला पलीकडे जाणं आवडतं.

बेंचवरून
टेबलच्या बाजूला. ज्यानं दिलाय त्यालाच विचारायचं असतं ना! पलीकडचा माझ्या बाजूला येऊन म्हणतो "मला माहिती नाही, माझा कॉल नव्हता", मग मी ओरडतो पलीकडच्याला, आणि सगळ्या हॉलला ऐकू जातं.

जुना_पंच
नेहमीच्या फाऊलला टेबलच्या बाजूला. टेक्निकल दिल्यावर मात्र त्या रेफरीनं कोचपासून लांबच जायचं आणि पार्टनरनं मधे यायचं. दिल्यावर समजावत बसू नये.

टेबलवरची
मोठ्या मॅचला आता चॅलेंज (कोचनं निर्णय रिप्लेवर तपासायला लावणं) आलंय, एनबीएत २०१९-२० पासून, फिबात २०२२ पासून. त्यानं वातावरण थोडं निवळलंय असं मला वाटतं, कोचला ओरडण्यापेक्षा दुसरं काहीतरी करायला मिळालं. पण ते रिप्ले असतो तिथे. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मॅचला कुठला कॅमेरा, तिथे दोन माणसं आणि दोन शिट्ट्या.

फास्टब्रेक
एक खरं विचारतो, टी द्यायला तुम्ही लोक एवढे कचरता का पण? फिबात तर एकच फ्री थ्रो, आणि खेळ थांबला तिथूनच सुरू.

साईडलाईन_३
सगळीकडे तसं नाही ना. अमेरिकेत शाळांच्या मॅचला दोन फ्री थ्रो आणि वर बॉल पण, शिवाय कोचला नंतर उभंच राहता येत नाही. तिथे एका टी वर मॅच फिरू शकते. इथे फिबाच्या नियमानं खेळताना ती भीती बाळगायचं खरंच कारण नाही. आणि नियमच सांगतो की आधी समज देऊन टेक्निकल टाळता येतो. समज द्या, स्पष्ट द्या, आणि मग परत झालं तर द्या.

नवीशिट्टी
सगळ्यांचे खूप आभार. काल मॅच होती, मुद्दाम थांबले होते लिहायला.

कोच वेगळे होते पण प्रकार तोच. दुसऱ्या क्वार्टरला नीट विचारलं की ब्लॉक का दिला. डेड बॉलला जाऊन बाजूला उभी राहिले आणि म्हटलं, "कोच, शूटर हवेत गेल्यावर तो खाली सरकला." ते म्हणाले "बरं", आणि खरंच एवढंच म्हणाले. मला वाटलं झालं. पण तिसऱ्या क्वार्टरला सुरूच झालं परत, हात, हात, हात. मान हलवली नाही. मग टाळ्या वाजवायला लागले माझ्याकडे बघून, मोठ्यानं. मी गेले आणि म्हटलं, "कोच, ऐकलं मी. आता पुरे." पार्टनरला ऐकू गेलं, दुसऱ्या बेंचला पण. दोन मिनिटांनी परत टाळ्या. मी टी दिला. टेबलला सांगताना माझी बोटं थरथरत होती पण थांबून सांगितलं, 'सी'. फ्री थ्रो चुकला. पार्टनर मधे आले, मी पलीकडे गेले.

चौथ्या क्वार्टरला, खरं सांगते, अगदी तसाच हात लागला. मनगटाला बोटं. या वेळी कोच गप्पच होते, पण दुसऱ्या बाजूचे ओरडले "मॅडम!" आणि माझी शिट्टी तोंडातच होती, वाजली नाही. पोरगा ड्रिबल करत पुढे गेला आणि त्यानं ले-अप घातला.

बेसलाईन
वा! ❤

जुना_पंच
छान केलंस. एक विचारतो, पहिल्या मॅचमधल्या त्या पाचव्या फाऊलबद्दल पार्टनरशी बोललीस का कधी?

नवीशिट्टी
काल मॅचनंतर बोलले, दोन्ही मॅचला तेच होते. ते म्हणाले त्यांना तेव्हाच कळलं होतं, तिसऱ्या क्वार्टरपासून माझ्या बाजूची प्रत्येक शिट्टी उशिरा येत होती. मी विचारलं मग आला का नाहीत, टाईमआऊटला दोन शब्द बोलला असता. म्हणाले, "तुला वाईट वाटेल म्हणून." आता आमचं ठरलंय, दोघांपैकी कुणाचंही लक्ष बेंचकडे गेलंय असं दिसलं तर पुढच्या टाईमआऊटला मधल्या सर्कलमध्ये उभं राहून सांगायचं, आणि तो क्वार्टर संपेपर्यंत त्या बेंचशी दुसऱ्यानं बोलायचं.

बेंचवरून
हे मी माझ्या असिस्टंटला पण सांगतो. मी रेफरीकडे फार बघायला लागलो की त्यानं माझी बाही ओढायची.